वाडीच्या भोंग्यावरचं नाव

आठवडाभर चेतन परातेच्या तोंडाला उसंत नव्हती. दात घासताना, गोदामात ट्रकमधला माल उतरवून घेताना, जेवताना, त्याचं एकच पुटपुटणं चाललं होतं, ‘गजबल सळई चषक, गजबल सळई चषक.’ शेवटी त्याची बायको प्रणाली वैतागली. “जप करून राहिले का तुम्ही?”

जपच होता तो. वाडीच्या मैदानावरच्या टेनिस बॉल स्पर्धेचं नाव इतकी वर्षं ‘मार्तंड नंदनवार स्मृती चषक’ होतं. मार्तंड म्हणजे चेतनचा जिगरी दोस्त. स्पर्धा त्यानेच सुरू केली आणि पुढच्याच वर्षी अमरावती रोडवर ट्रकखाली गेला. तेव्हापासून समालोचनाचा माइक चेतनकडे. यंदा सळई बनवणाऱ्या एका कंपनीने सारा खर्च उचलला आणि अट घातली, नाव एकच राहील, आमचं. चषक गजबल, षटकार गजबल, झेलही गजबल. वाइड बॉल तेवढा बिचाऱ्यांनी सोडून दिला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, चेतननेही डोलावली. आता सवयीने माइकवर जुनं नाव निघालं तर कंपनी हात वर करेल, अशी सगळ्यांना धास्ती.

चेतनची खरी धास्ती वेगळीच होती. मार्तंडची आई अंजनाबाई दरवर्षी पहिल्या दिवशी यायची आणि मंडपाशेजारी खुर्ची टाकून बसायची. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. डोळ्यांना अंधुकच दिसायचं, त्यामुळे बॅनरची भानगड नव्हती. ती यायची ऐकायला. त्या दिवशी तिच्या पोराचं नाव अख्ख्या वाडीत गाजायचं. यंदाचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. तू सांग, तू सांग करत सगळ्यांनी अंग चोरलं होतं.

ती आलीच. धुतलेलं लुगडं नेसून, सगळ्यांच्या आधी.

चेतन तिच्याकडे पाठ करून माइकवर बसला. खेळपट्टीवर नारळ फुटला, पहिला चेंडू पडला. मनातून त्याला वाटत होतं, घसरावी जीभ. घसरली तर चुकून झालं म्हणता येईल, कोणी फाशी थोडीच देणार आहे? पण मेलं पाठांतर पक्कं झालं होतं. षटकारामागून षटकार गेले, सामना संपला, जीभ काही घसरली नाही. कंपनीच्या माणसाने खूश होऊन त्याची पाठ थोपटली. चेतनने माइक खाली ठेवला.

तो उठून अंजनाबाईकडे गेला. “काकू, चहा सांगू?”

“चहा राहू दे. तुहा भोंगा बिघडला का गा, चेतन? मले आयकूच नाही आलं. जरा इकडं फिरव ना त्याले.”

भोंगा तिच्या डोक्यावरच खांबाला बांधलेला होता. हो म्हटलं असतं तर सुटला असता. तोंड उघडलं ते त्यासाठीच.

“भोंगा चांगला हाय, काकू,” तो म्हणाला. “म्याच नाही घेतलं मार्तंडचं नाव. आता कंपनीचं नाव हाय.”



“मंग मी सकाळपासून काहून बसून राहिली गा?”

मंडपात कोणीतरी माइक उचलला. पुढच्या सामन्याचा टॉस खोळंबला होता. चेतन पराते, चेतन पराते, जिथं असाल तिथून ताबडतोब या. भोंगा त्याच्या नावाने ओरडत राहिला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा.