तुळईकाकांचं कलतं घर

तुळईकाकांकडे चहा नंतर मिळे. आधी घर पाहावं लागे. दारातच ते माझा हात धरून छताच्या मधल्या तुळईला टेकवत आणि म्हणत, "नमस्कार कर. आपल्या सगळ्यांहून वडील आहेत." मी ठेंगणा, तरी हात पोचे, छतच तेवढं खाली होतं.

काका मूळचे पुण्याचे. आइंडहोवन या डच शहरात संगणकाच्या चिप बनवणारी यंत्रं जुळवण्यात हयात गेली; केसाच्या जाडीची चूकही तिथे गुन्हा. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी हार्लेमजवळच्या खेड्यात असं जुनं घर घेतलं, ज्यात एकही भिंत सरळ नव्हती. "सरळपणाचा कंटाळा आला रे," ते म्हणत. त्यावर आतून काकू, "इथे गोटी टाकली तर घरंगळत स्वयंपाकघरात येते. हे मात्र कधी येत नाहीत!"

काकांच्या मते बाहेरच्या विटा म्हणजे नुसती शाल. घराचं खरं अंग आतल्या लाकडी सांगाड्याचं. विटा नंतर कुणीतरी आगीच्या भीतीने चढवलेल्या. दर्शनी भिंत पुढे झुकलेली, कारण माथ्यावरच्या आकड्याला दोर लावून पोती वर ओढताना ती भिंतीवर आपटू नयेत. आणि झोपायला भिंतीतलं कपाट! "झोपून बघ" म्हणत त्यांनी मला एकदा त्यात कोंबलं, दारं लावली आणि बाहेरून इतिहास सुरू केला. पूर्वीची माणसं त्यात अर्धवट बसून झोपत म्हणे. मी अंधारात पाय दुमडून हुंकार देत होतो.

स्वतःची फजिती ते सर्वांत रंगवून सांगत. पहिल्या हिवाळ्यात भिंतीच्या पायथ्याच्या भोकांतून गार वारा येतो म्हणून काकांनी ती जुन्या गोधडीच्या तुकड्यांनी बुजवली. उन्हाळ्यापर्यंत जमिनीच्या फळ्यांखाली बुरशी! शेजारच्या डच आजी आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही घराचं नाक दाबलंत." काका टाळी देऊन सांगत, "आपण मराठी माणसं. फट दिसली की चिंधी कोंबलीच!"

पण काकूंचे गुडघे गेले आणि हसणं कमी झालं. न्हाणीघर वर, आणि जिना म्हणजे चक्क शिडी. रुंद जिना करायचा तर मधली तुळई कापावी लागेल, असं वास्तुतज्ज्ञाने सांगितलं. काकांनी तुळईला हात टेकवला. मग म्हणाले, "कापू."

"काही नको," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे गेले म्हणून घराचं कंबरडं मोडायचं? लिफ्टचं घर बघा."

काकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. काकू बधल्या नाहीत. घर एका तरुण जोडप्याने घेतलं. किल्ल्या देताना मी काकांबरोबर होतो. त्या मुलाने विचारलं, "ही तुळई आम्ही काढली तर चालेल का?" मला वाटलं, आता इतिहास सुरू होणार. काका एवढंच म्हणाले, "घर तुमचं आहे. फक्त आधी एक हिवाळा तिच्याखाली राहून बघा."

मग ते तडक येऊन गाडीत बसले. मागे वळून पाहिलं नाही. त्या घराला इतकी वर्षं नावं ठेवणाऱ्या काकू मात्र मागच्या काचेतून बघत होत्या. मी गाडी सुरू केली, तशी खांद्यावर हात आला.

"जरा सावकाश घे रे," काकू म्हणाल्या. "वळण येईपर्यंत तरी."