नाल्यापासून दूर राहावे

बहरीनमध्ये पाऊस वर्षातून चार-पाच वेळा पडतो, आणि आमच्या गुदैबियात तो लग्नकार्यासारखा साजरा होतो. पाणी वाहून जायला वाटच नाही, त्यामुळे अर्ध्या तासात गल्ली भरते, शाळांना सुट्टी मिळते, आणि पाणी उपसणारा टँकर येईपर्यंत सगळं केरळ, सगळा पंजाब आणि थोडासा महाराष्ट्र पायजमे गुडघ्यापर्यंत ओढून बाहेर उभा राहतो. मी शाळेची बस चालवतो. शाळेला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी, आणि मला सुट्टी म्हणजे गल्लीचं काही खरं नाही. बिल्डिंगच्या पायरीवर उभा राहून मी पुराचं धावतं वर्णन करत असे.

"आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार, किराणा दुकानाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं आहे. नदीकाठच्या गावांनी, म्हणजे आमच्या लाँड्रीवाल्याने, सतर्क राहावं!"

लोक हसायचे. लाँड्रीवाला आधी शिव्या द्यायचा, मग तोही हसायचा.

त्या गर्दीत एकच माणूस पाण्याकडे न बघता आकाशाकडे बघत उभा असायचा. तो हिमाचलातल्या एका डोंगरी गावचा, पलीकडच्या हॉटेलात तंदूरवर रोट्या लावणारा. आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. एक माझी, एक साताऱ्याच्या एसी मेकॅनिकची आणि खिडकीखालची त्याची. ढग बघून झाले की तो माझ्याकडे वळून तीन बोटं दाखवायचा. "भाऊ, तीन दिन."

इथे पडून गेलेले ढग समुद्र ओलांडून, इराणवरून पुढे सरकत, दोन-तीन दिवसांत त्याच्या डोंगरांवर पोचतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अकरा हिवाळे रोज आईला फोन करून 'वहाँ क्या हाल' विचारता विचारता त्याचं त्यालाच कळत गेलं होतं. इथे पाऊस, की तिथे बर्फ. मी त्याला म्हणायचो, "तुझा कार्गो निघाला बघ. आईला सांग, सोडवून घे." गल्फमधला प्रत्येक माणूस घरी ब्लँकेटं आणि बदाम भरून खोके पाठवतो. हा ढग पाठवायचा.

त्याची आई एकटी राहायची, एका नाल्याकाठी. नाला म्हणजे आपलं गटार नव्हे. डोंगरावरून खाली येणारा, दगड गडगडवत नेणारा ओढा. घरात ती आणि तिची गाय. वर, चांगली शंभर पावलं चढून गेलं की धाकट्या दिराचं घर. दीर भला माणूस, पण जावेशी हिचं बोलणं बंद. का, तर एका अक्रोडाच्या झाडावरून. झाड दोघींच्या बांधावर होतं, ते बर्फात मोडून पडून सहा वर्षं झाली होती, पण भांडण अजून हिरवंगार होतं.

दर हिवाळ्यात गावच्या ग्रुपवर हवामानाचा इशारा यायचा, इंग्रजीत, लांबलचक. याचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही हिंदीत. दुपारी साडेतीनला हॉटेल बंद व्हायचं, मी पण मुलांना जनाबियाच्या व्हिलांमध्ये सोडून परतलेला असायचो. हा थर्मासमधून चहा घेऊन यायचा, फोन माझ्या हातात द्यायचा आणि मी वाचून दाखवायचो. आता मी वाचणार म्हणजे सरळ कसा वाचणार? उशीचा अभ्रा खांद्यावर टाकून, कधी निवेदिकेच्या आवाजात, कधी कडक हवालदाराच्या. मेकॅनिक खाटेवरून ओरडायचा, "ओ डायरेक्टर, जरा हळू! तिकडं बर्फ पडायचा ऱ्हाईला, हितं प्लास्टर पडंल!"

इशारा गंभीर असला की हा लगेच आईला फोन लावायचा. "अम्मा, ऊपर चली जा. चाची के यहाँ." आणि स्पीकरवर त्या माऊलीचा आवाज घुमायचा. "तेरे बहरीन में दो बूँद क्या गिरीं, मैं यहाँ घुटने तुड़वाऊँ?" तरी ती जायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाईचा दोर. जावेच्या दारात.

त्या वर्षी ती दोनदा गेली. एकदा जानेवारीत, एकदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दोन्ही वेळा मी जसं होतं तसं वाचलं होतं, जोरदार बर्फ, उतारावरून हिमकडे सुटण्याचा धोका. दोन्ही वेळा वीतभर बर्फ पडला आणि खलास. दुसऱ्या वेळी जाऊ दारात उभी राहून म्हणाली, "आ गई मौसम वाली. कितने दिन का राशन खाएगी?"

मग फेब्रुवारीच्या शेवटी गुदैबियात पाऊस आला. चांगला दणकून. माझं पायरीवरचं वर्णन रंगात होतं तेवढ्यात माझाच फोन वाजला. त्याची आई. तंदूरपाशी याला फोन ठेवता येत नसे, म्हणून अडीअडचणीला माझा नंबर तिच्याकडे होता. पावसाचं तिला सकाळीच मुलाकडून कळलं होतं.

"बेटा," ती म्हणाली, "तू ही पढ़ता है ना? इस बार उसे मत डराना. मैं उस औरत की रोटी तीसरी बार नहीं खाऊँगी. तुझे अपनी माँ की कसम."

मी हसलो. म्हटलं, "अम्मा, आप तो गरमागरम रोटी अपने घर में खाओ. यहाँ का मौसम विभाग मेरी जेब में है."

साडेतीनला तो आला. तीन बोटं दाखवून झाली होती, चेहरा उतरलेला. मी फोन घेतला. त्या दिवशीचा मेसेज नेहमीसारखा नव्हता. वरच्या भागात खूप बर्फ, पण खालच्या खोऱ्यात पाऊस आणि ऊब. आणि शेवटी एक ओळ, पूर्वी कधी नसलेली. हिमकडे कोसळून ओढे तुंबण्याची आणि पाणी अचानक वाढण्याची शक्यता; नदी-नाल्यांपासून दूर राहावे.

मी ती ओळ वाचली. मनात वाचली. आणि खरं सांगतो, मला हसू आलं. मी कोकणातला. आमची नदी श्रावणात बाजारपेठेत शिरते, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण फेब्रुवारीत? फेब्रुवारीत आमच्या नदीच्या पात्रात बायका गोधड्या वाळत घालतात, पोरं क्रिकेट खेळतात. नदीला पूर येतो तो पावसाळ्यात, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं माहीत होतं. थंडीत पूर म्हणजे कुठल्यातरी साहेबाने खुर्चीत बसून टाकलेली भर, असं वाटलं. शिवाय कानात तिचा आवाज होता. शिवाय खाली गल्लीत लोक अजून माझ्याच विनोदावर हसत होते.

मी अभ्रा खांद्यावर टाकला आणि निवेदिकेच्या आवाजात म्हणालो, "पहाड़ों पर हल्की बर्फबारी, घाटी में बूँदाबाँदी. अम्मा लोग रजाई में रहें, बेटा लोग चाय पिएँ."

"बस? और कुछ नहीं?"

"बस."

त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. त्याने मला दुसरा कप चहा ओतून दिला. फोन लावला, आईला म्हणाला, "अम्मा, इस बार घर में ही रह." पलीकडून ती इतक्या मोठ्याने हसली की मेकॅनिकही हसला. मला वाटलं, आज आपण काहीतरी चांगलं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिली फेरी संपवून मी शाळेच्या आवारात बस लावून बसलो होतो. फोन वाजला. त्याचे चाचा.

वर हिमकडा सुटून नाल्यात बसला होता. पहाटे नाल्याचा आवाजच बंद झाला. खालच्या लोकांना ती शांतता कळली, आरडाओरडा झाला. मग तो बांध फुटला. पाणी, बर्फ, दगड, झाडं, सगळं एकदम. घर नव्हतं. गोठा नव्हता. गाय मात्र वर, त्यांच्या दारात येऊन उभी होती, तुटका नव्हे, सोडलेला दोर गळ्यात घेऊन.

म्हणजे तिला वेळ मिळाला होता. तेवढ्यात तिने गाय सोडली.

चाचा रडत म्हणाले, "उसको अभी मत बताना बेटा. अकेला है वहाँ. बोलना तबीयत ठीक नहीं है."

परदेशातल्या माणसाला फोनवर मरण सांगायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत. तब्येत जरा नरम आहे म्हणायचं, तिकीट हातात द्यायचं, आणि अंगणात पोचल्यावर काय ते कळू द्यायचं. माझ्या वडिलांच्या वेळी मलाही असंच नेलं होतं. विमानात मी शेजाऱ्याला वडिलांच्या मधुमेहाबद्दल सांगत होतो.

तर मी हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेलो. तो तंदूरमध्ये वाकलेला होता. मी चेहरा नीट केला. इतकी वर्षं इतके आवाज काढले, पण एवढ्या कष्टाने कुठला काढला नव्हता. "अरे, चाचाचा फोन होता. अम्मा की तबीयत थोड़ी ठीक नहीं."

त्याने हातातली रोटी तंदूरला लावली. वाट बघितली. सळईने काढली. मग म्हणाला, "भाऊ, नाला आया?"

तो खाली बसला, पिठाच्या परातीशेजारी.

तो गावी निघाला, पण वरचा रस्ता बर्फाने बंद होता. तो अलीकडच्या गावात दोन दिवस अडकून पडला आणि पोचला तेव्हा चाचांनी अग्नी दिलेला होता. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचा, "भाऊ, तुमने बहुत किया." ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहायचो.

मार्चच्या अखेरीला तो परत आला. आठवडाभर तंदूर ते खाट, खाट ते तंदूर. मग एका दुपारी, साडेतीनला, थर्मास घेऊन आला आणि फोन पुढे केला. "पढ़ दो. चाची पूछती है."

मी अभ्र्याला हात लावला नाही. सरळ वाचत गेलो. वर उशिराचा बर्फ, खाली पाऊस. आणि शेवटी तीच ओळ. मी ती वाचली, शब्दन् शब्द, हिंदी करून.

तो कप ओठाशी नेता नेता थांबला. "ये वाली लाइन नई है?"

मेकॅनिक खाटेवर उठून बसला. त्याला त्या ओळीबद्दल काही माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी कळलं असावं.

खोटं बोलायला एक सेकंद पुरला असता. तेवढं कसब माझ्यात आहे. मी म्हणालो, "नई नहीं है. उस दिन भी थी."

"तुमने नहीं पढ़ी."

"अम्मा का फोन आया था. कसम दी थी. बोली, मत डराना."

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "अम्मा तो बोलेगी ही, भाऊ." आणि पुन्हा, "अम्मा तो बोलेगी ही."

त्याने कप विसळला, पालथा घातला, आणि शिफ्टला दीड तास बाकी असताना निघून गेला. भांडण झालं नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. महिन्याभरात त्याच्या मालकाने जिदहफ्सला दुसरं हॉटेल उघडलं, तेव्हा याने आपणहून तिकडे बदली मागून घेतली. जाताना मेकॅनिकला मिठी मारली, मला नमस्कार केला. खिडकीखालच्या खाटेवर आता एक केरळी इलेक्ट्रिशियन झोपतो. फार चांगला माणूस आहे. त्याला डोंगर नाहीत.

यंदाच्या फेब्रुवारीत पाऊस आला तेव्हा गल्ली नेहमीसारखी भरली. लाँड्रीवाला वाट बघत होता. शेवटी त्यानेच हाक मारली, "क्या हुआ न्यूजवाला, आज बुलेटिन नहीं?" मी म्हटलं, "घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिदहफ्सला गेलो. काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. हॉटेलच्या मागे, कोथिंबिरीच्या रिकाम्या क्रेटवर तो बसला होता, माझ्याकडे पाठ करून. एक फोन मांडीवर, स्पीकर चालू. दुसरा हातात, डोळ्यांजवळ. तो इंग्रजी वाचत होता. एकेका अक्षराखाली अंगठा सरकवत, पहिलीतल्या मुलासारखा. कधी शिकला, कुणाकडे, देव जाणे. एक वाक्य वाचायचा, मग त्याचं हिंदी सांगायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

"फिर से बोल," मांडीवरच्या फोनमधून एका बाईचा आवाज आला. चाची. अक्रोडाच्या झाडावाली.

तो पुन्हा वाचायला लागला आणि एका शब्दावर अडला. दोनदा प्रयत्न केला. मग मान वर केली आणि मी दिसलो. किती वेळ उभा होतो, त्याने विचारलं नाही. नुसता हात लांब करून फोनचा पडदा माझ्याकडे वळवला, अंगठा त्या शब्दाखाली.

"अव्हलांच," मी म्हणालो. "हिमकडा." तेवढंच.

त्याने मान हलवली, फोन परत घेतला आणि राहिलेलं सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ती ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, "चाची, समझ गई?"

"समझ गई," ती म्हणाली. "गाय को अंदर बाँध लिया है."