काळी-पिवळी भरेपर्यंत

माझ्या शिलाईच्या दुकानात तीन वह्या असतात. एक मापांची, एक हातातल्या कामांची आणि एक नुसत्या याद्यांची. तुमसरमधली जुनी जागा सोडायची वेळ आली, तेव्हा याद्यांच्या वहीत मी वरच लिहिलं: नवी जागा, अक्षय्यतृतीयेच्या आत.

जागेच्या मालकांना आमची खोल्यांची ओळ पाडून तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. तळमजला एका बँकेनं आधीच पाहून ठेवला होता. सगळं गावच तसं चाललं होतं. राईस मिलच्या भिंतींना लागून मशीनच्या सुट्या भागांची दुकानं आली. रस्ता रुंद झाला तशी मोटारसायकलची शोरूम आली, मग कोचिंग क्लास, दातांचे दवाखाने, लग्नाचे हॉल. ज्या बांधीत परवापर्यंत धानाची रोवणी व्हायची, तिथं आता शटरच शटर. कोणता गाळा कशाच्या जोरावर भरला, याचीही मी यादी केली होती. चारच रकाने पुरले: धान, रस्ता, खाण, पोरांचं शिक्षण.

माझा स्वतःचा रकाना कोणता, ते मात्र मी लिहिलं नव्हतं.

माझ्यासोबत दोघी काम करतात. एक मशीनवर बसते, दुसरी काज-बटण आणि हुक लावते. दोघींची घरं याच कामावर चालतात. जागा चुकली असती तर तिघींचंही काम गेलं असतं, म्हणून मला घाई करायची नव्हती. दलालाला होती.

नव्या रस्त्यावरचा गाळा दाखवताना तो म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी इथं उभं राहाले जागा नाही भेटणार. आजच टोकन देऊन टाका."

"थोडे दिवस द्या. मी मोजते."

"काय मोजता जी?"

"माणसं."

तीन दिवस त्या गाळ्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. दर तासाला नवीन ओळ, दर माणसाला एक रेघ. नंतर तीन दिवस दुसऱ्या जागेसमोर बसले. ती चिखला गावाकडे जाणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या थांब्यावरची चहावाल्याच्या बाजूची खोली होती, अरुंद आणि जुनी. नव्या रस्त्याची चार पानं भरली, थांब्याचं दीड. माझे यजमान मिलमध्ये काम करतात. त्यांनी जेवताना वही पाहिली आणि म्हणाले, "हे तं झालंच मग. आपली चारही मशीनं बसतील तिथं." मीही यादीत लिहिलं: गुरुवारी सकाळी टोकन.

बुधवारी चिखल्याची एक जुनी गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आली. तिचा नवरा तिथल्या मँगनीजच्या खाणीत आहे.

"दुकान घेऊन कुठं चालल्या म्हणे?"

"नव्या रोडवर. किती गर्दी आहे पाहा तिथं. ट्रॅक्टरवर ट्रॅक्टर."

ती हसायलाच लागली. "तिथं? माझा भाऊ तीन दिवसांपासून त्याच लायनीत ट्रॉलीवर झोपून राहिला. बाई, तो बजार नाही होय, धानाची लाइन हाय! बाजूच्या गोडाउनात धान मोजून झालं का तिथं कुत्रं नाही दिसणार तुमाले."

हुक लावणारीनं सुई खाली ठेवली. "म्हणजे आपन तीन दिवस ट्रॅक्टर मोजून राहिलो होतो काय व ताई?"

माझं माहेर कोंढ्याचं, घरी धानाची शेती. कापणीनंतरचे दोन महिने आमच्याकडे कोणताही रस्ता भरलेला दिसतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी मोजणी केली ती नेमकी त्याच महिन्यांत, आणि तीही सरकारी धान-खरेदीच्या गोडाउनाशेजारी बसून.

त्या दुपारी मी मापांची वही काढली. ती मी नावांनी लावत नाही, गावांनी लावते, कारण एकाच नावाच्या पाच-पाच बाया येतात. मापापुढे तारीख असतेच. धानाच्या गावांची पानं पाहिली तर तारखा दिवाळीनंतर आणि लग्नसराईत दाटलेल्या, मधली जागा कोरी. चिखल्याच्या पानांवर मात्र कोणताच महिना सुटलेला नव्हता. खाणीचा पगार महिन्याचा, त्यामुळे कापडही महिन्याचं. आणि ही माणसं येतात-जातात त्या काळी-पिवळीनं, जी पूर्ण भरल्याशिवाय जागची हलत नाही. कधी अर्धा तास, कधी तास. तेवढ्यात ब्लाउज ढिला करून होतो, पँटची उंची कमी करून होते.

गुरुवारी दलालाला नकार कळवला. तो रुसला. "काहून ताई? लोक रोडकडं चालले अन् तुम्ही जीपच्या मागं."

"तुमचा गाळा वाईट नाही, भाऊ. तो ट्रॅक्टरवाल्यांचा आहे. त्यांच्या कामाचं कोणी पाहा."

त्यानं पाहिलं. आज तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि ते बरं चालतं.

थांब्यावरची खोली खरंच लहान निघाली. कटिंगचं टेबल सुताराकडून हातभर कापून घ्यावं लागलं, चौथं मशीन घरी न्यावं लागलं. पहिला आठवडा शांत गेला. दोघी एकमेकींकडे पाहायच्या आणि मी याद्या करत बसायची. दुसऱ्या आठवड्यात ती चिखल्याची बाई ब्लाउज घेऊन आली, बाह्या घट्ट झाल्या म्हणून. शिलाई उसवून, परत घालून शेवटचे हुक लावायचे तेवढे राहिले होते, तेव्हा बाहेर ड्रायव्हर ओरडू लागला.

"चला चिखला, चिखला! एकच सीट!"

ती दारातून ओरडली, "थांब ना भाऊ, हुक लागून राहिले!"

"तुमच्या हुकासाठी जीपभर लोक बसून हायेत मावशी!"

"बसू दे. ते एक सीट माझंच तं होय. मले सोडून कोनाले नेतं?"

जीपमध्ये हशा झाला. मागच्या सीटवरची एक बाई पिशवी घेऊन खाली उतरली आणि थेट दुकानात आली. "थांबाचंच हाय तं माझंही माप घेऊन टाका. कापड सोबतच हाय."

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि चहा मागवला. मी टेप गळ्यात टाकली, मापांची वही उघडली. चिखल्याचं पान भरलं होतं. मी नवीन पान काढलं, वर "चिखला" लिहिलं आणि तिला विचारलं, "बाही कुठवर ठेवू?"