सर्व्हर, म्हैस आणि पाईपलाईन

सर्व्हर दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक एक वेळ चहा विसरेल, पण किस्सा दिल्याशिवाय सोडणार नाही!

माझे निम्मे किस्से नारायणगावजवळच्या एका दूध संस्थेतले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मंचरचा, धंद्यात नवा, आणि ही संस्था माझं एकुलतं एक गिऱ्हाईक. तीन काउंटरवर तीन कॉम्प्युटर, तिन्ही आतल्या ऑफिसातल्या एका सर्व्हरला जोडलेले. शेतकऱ्यानं कॅन आणला की दूध मोजायचं, नाव शोधायचं, पावती छापायची. पण पावती निघता निघेना. रांग पार हायवेपर्यंत!

चेअरमननी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "दिवाळीपातुर पावती झटपट निघाया पायजे. न्हाईतर कॉम्प्युटर पोत्यात, आन् तुमी मंचरला!"

मी म्हटलं, निघेल. मनात म्हटलं, निघालीच पाहिजे!

*

पहिला उपाय मॅनेजर आप्पांनी परस्परच केला. एकदा येऊन बघतो तर सर्व्हर जागेवर नाही.

"तापत व्हता. दुधाच्या कोल्डरूममधी ठिवलाय."

"आप्पा, तिथं ओल असते! आतून खराब होईल!"

"दूध नासत न्हाई तिथं, ह्यो कसा नासंल?"

उचलून बाहेर आणला, पुसला, पंख्याखाली वाळवला. वाचला बिचारा. हळू मात्र तसाच.

*

मग मी काउंटरवर ठाण मांडलं. ऑपरेटर सुरेखाताई आडनाव टाकून माणूस शोधायच्या. आणि त्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच! बटण दाबलं की अख्खं गाव स्क्रीनवर हजर.

"ताई, सभासद नंबर टाका ना."

"नंबर इचारला की लोक चिडत्यात. जेल हाय का म्हणत्यात!"

मग मी प्रोग्रामच बदलला. आधी मळ्याचं नाव, मग माणसाचं. मळा निवडला की मोजकीच नावं समोर. आठवडाभर खपलो, तेव्हा रांग हायवेवरून गेटपर्यंत आली.

*

यादी हलकी करायला, ज्यांनी दूध घालणं बंद केलं त्यांची नावं काढू म्हटलं, तर आप्पा उखडले. "म्हैस गेली म्हणून माणूस गेला व्हय?"

काढली नाहीत. वेगळ्या फाईलमध्ये हलवली आणि सांगितलं, "सगळे आहेत आप्पा, फक्त मागच्या खोलीत बसलेत."

"मग चहा द्या त्यास्नी!"

*

दिवाळी तोंडावर आली आणि नवीनच तऱ्हा. मी सर्व्हरसमोर बसलो की पावत्या भराभर. मंचरला पोचतो न पोचतो तोच फोन, "परत झोपला!" धावत जावं, माउस हलवावा, की गडी ठणठणीत.

"तुमाला भितो त्यो," चेअरमन म्हणाले. "तुमचा फोटोच लावू का म्होरं?"

राग आला, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरला हात न लावता ऑफिसच्या काचेबाहेर, रांगेतच उभा राहिलो. आजूबाजूची मंडळी कॅन खाली ठेवून आत टक लावून बघत होती. मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. स्क्रीनवर रंगीबेरंगी पाईप वळत, जोडत, पसरत चालले होते. स्क्रीनसेव्हर! कुणी हात लावला नाही की आपोआप सुरू होणारं चित्र. मशीनची सगळी ताकद ते पाईप काढण्यात जात होती. मी माउस हलवला की पाईप गायब आणि काम सुरू.

आत जाऊन तो स्क्रीनसेव्हर काढला आणि मॉनिटरही बंद केला. पावत्या अशा सुटल्या की रांग बघता बघता संपली. मला नाचावंसं वाटलं!

संध्याकाळी संचालकांची मीटिंग. चेअरमन आत आले ते काळ्या स्क्रीनकडे बघतच.

"आमची पाईपलाईन कुठंय?"

मी सगळं समजावलं.

"काम झ्याक केलंत. कॉम्प्युटर ऱ्हाऊ द्या. पन लोक ती बघाया येत्यात, राव! दुसऱ्या डेअरीत हाय का असली?"

संचालकांनी गंभीरपणे माना हलवल्या. बराच वेळ चर्चा झाली आणि एकमतानं ठराव पास झाला: आणखी एक कॉम्प्युटर घ्यायचा, फक्त पाईपलाईनसाठी. ऑर्डर मलाच!

मी दारापर्यंत पोचलो तोच चेअरमननी मागून हाक मारली.

"आन् भाऊ, ह्यो फास्ट करायचा न्हाई बरं का!"