दादाच्या साच्यावरचा माउथगार्ड

कवळीमास्तरांच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकलं की निम्मं शहर दात विचकून स्वागत करी. मास्तर कवळ्या बनवत आणि खेळाडूंचे दात-जबडा सांभाळणारे माउथगार्डही. फळ्यांवर दातांचे प्लास्टरचे साचे दाटीवाटीने मांडलेले. नाव मात्र एकावरही नाही.

"चेहरा विसरेन, पण दात विसरणार नाही," ते छाती फुगवून सांगत.

"मग लग्नाचा वाढदिवस माझ्या दातांवर लिहून ठेवा," बायको म्हणे.

वरच्या फळीच्या कोपऱ्यात त्यांच्या थोरल्या भावाचा साचा होता. दादा बॉक्सर. मास्तर नवशिके असताना त्यांनी हौसेने त्याच्या दातांचं माप घेतलं होतं, पण "तोंडात रबर कोंबल्यावर शिव्या कशा देऊ?" म्हणत दादाने गार्डला साफ नकार दिला. पुढच्याच लढतीत हनुवटीवर ठोसा बसला. दादा पडला, तो उठलाच नाही.

आणि आता लेकीने हातमोजे चढवले होते. मास्तरांनी वाद घातला नाही. पोर थेट काकावर गेली होती. अट एकच : गार्ड माझ्या हातचा.

पहिला गार्ड त्यांनी काळजीपोटी एवढा जाड केला की लेक वैतागली. "बाबा, ही उशी आहे! श्वास कुठून घेऊ?"

"कानांनी घे."

शेवटी त्यांनी लवचीक प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्या घेतल्या. गार्डची कड कुठवर येणार ती रेघ साच्यावर पेन्सिलीने आखली. चकती तापून लोंबू लागताच साच्यावर टाकली. यंत्राने खालून हवा ओढली, आणि ती दातांना कातडीसारखी चिकटली. तिच्यावर दुसरी. पुढच्या दातांवर जाड, टाळूकडे पातळ. हिरडीला टोचू नये म्हणून कडा ज्योतीवर फिरवून गुळगुळीत.

सामन्याच्या दिवशी लेकीने गार्ड वरच्या दातांवर चढवला. टक् करून बसला. मग तो काढून, मऊ होण्यापुरता गरम करून मास्तरांनी तिला पुन्हा घालून दात आवळायला लावले. गार्डच्या तळाशी तिच्या खालच्या दातांची सरळ रांग उमटली.

"बाबा, घातलाय असं वाटतच नाही!" म्हणत ती पळाली.

मास्तर खूश होऊन टेबल आवरू लागले. ओल्या फडक्याखाली लेकीचा साचा निघाला. कोरा. पेन्सिलीची रेघच नाही.

रेघ दादाच्या साच्यावर होती.

फळी पुसताना तो खाली काढला होता, तेव्हाच अदलाबदल झाली असणार. त्यांनी दोन्ही साचे शेजारी ठेवले. लेकीचा वरचा सुळा पुढे आलेला, टाळू अरुंद. दादाच्या मापाचा गार्ड तिच्या तोंडात बसणं शक्यच नव्हतं. आणि तो तर टक् करून बसला होता! लढतीत सुटला तर? घशात गेला तर?

मास्तर वहाणा न घालताच धावले.

ते सभागृहात पोचले तेव्हा लेक रिंगणात होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिच्या हनुवटीवर ठोसा बसला. तोच, तसाच, खालून वर. मास्तरांनी डोळे मिटले. पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले, तर लेक उभी, आणि समोरची मुलगी तिच्याकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होती.

लेक जिंकली. घाम पुसत ती बाबांजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एक विचित्र झालं. ठोसा मला दिसलाच नाही. पण दात आधीच आवळले गेले. मी नाही आवळले."

मास्तरांनी गार्ड हातात घेऊन उलटा केला. लेकीच्या सरळ रांगेवर आणखी एक रांग उमटली होती, खोल. तिच्या मधोमध एक दात आडवा, गर्दीत खांदा घालून घुसणाऱ्या माणसासारखा. असा खालचा दात मास्तरांनी जन्मात एकाच तोंडात पाहिला होता.

"उद्या अंतिम लढत," लेक म्हणाली. "दुसरा करताय की हाच घालू?"

दुसरा करायला मास्तरांचे हात शिवशिवत होते. मग ते नळाशी गेले, गार्ड गार पाण्याखाली धरला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "दादा, जरा बेताने आवळ. पोरीला श्वासही घ्यायचाय."

गार्ड डबीत ठेवून त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"हाच घाल."