आत येऊ का?

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये मुलांची माहिती ऑनलाइन भरत होतो. तिसऱ्यांदा. आधी दोनदा भरलेली माहिती कुठे गेली, ते कोणालाच माहीत नाही. मोबाइलवर ओटीपी यायचा होता आणि नेमका मामेभाऊ सुधाकरचा फोन वाजायला लागला, म्हणून मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. ओटीपी आला, मी तो टाकला, 'वेळ संपली' असं उत्तर मिळालं, आणि मग मी सुधाकरला फोन लावला. "कुसुमआत्या गेली," तो म्हणाला. "सावंगीच्या दवाखान्यातून घेऊन निघून राह्यलो. तू फोन काऊन कापून राह्यला बे?" त्याची आत्या म्हणजे माझी मावशी. आईची धाकटी बहीण, आणि मला मास्तर व्हायचा नाद लावणारी बाई. ती गेल्याचा फोन वाजत होता तेव्हा मी एका आकड्याची वाट पाहत होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. तुम्हालाच सांगतोय.

आमच्या घरात लग्न असो की तेरवी, जेवणं आटोपली की मला गोष्टी सांगायला बसवतात. त्यात मावशीची एक नक्कल माझी ठरलेली. केळझरजवळच्या एका गावात ती शाळेत शिकवायची. वर्गावर जाताना दाराशी थांबायची, दोन टकटक करायची आणि विचारायची, "आत येऊ का?" मुलं ओरडायची, "या बाई." मगच तिचं पाऊल आत. मी सहावीत असताना शाळा बुडवून चार दिवस तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि शरमेनं लाल झालो. आमच्या शाळेत सर आले की वर्ग ताडकन उभा राहायचा, आणि ही बाई पोरांची परवानगी मागते! मी विचारलंही तिला. ती म्हणाली, "मान मांगितला का पोट्टे उभे राह्यतात. दिला का बसूनच राह्यतात, पण आयकतात." मला त्यातलं काही कळलं नाही. नक्कल मात्र उत्तम जमली, आणि पुढची पस्तीस वर्षं मी तिच्यावर हशा मिळवला. मावशीसमोरही. ती सगळ्यांत उशिरा हसायची.

तिनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर केळझरलाच एका खोलीत राहिली. चतुर्थीला अख्खा जिल्हा गणपतीला लोटायचा तेव्हा ही घरात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश टेकडी चढायची. "काल त्याले उसंत नोती," म्हणायची. बाहेरून आली की स्वतःच्या बंद खोलीचं दारही आधी वाजवायची. एकटीच राहते, आत कोण असणार? मी एकदा पाठीमागे भाजीची पिशवी धरून उभा होतो, तेव्हा विचारलं. "मी आत हावो का पाहते," ती म्हणाली. रोज संध्याकाळी अर्धा तास ती दार लावून नुसती बसायची. पोथी नाही, माळ नाही. मी म्हटलं, मावशी, या अर्ध्या तासात भेटतं काय? "कधी कधी मी भेटते. चांगलीच भेटते असं नाई," ती म्हणाली आणि कुलूप काढलं. मी यावरही एक विनोद बसवला होता. आता तो आठवत नाही... बरंच आहे.

शेवटची भेट दवाखान्यात, ती जाण्याच्या आठेक दिवस आधी. मी थेट तिच्या खाटेशी जाऊन बसलो. "दार नाई वाजवलं तू," ती डोळे न उघडता म्हणाली. मी म्हटलं, मावशी, हा वॉर्ड आहे, इथे नुसता पडदा आहे. "पडद्याले आवाज नाई. तुले तर आहे ना?" बोलताना तिला धाप लागत होती. मीही थकलेलोच होतो. बावीस वर्षं शिकवून झाली की थकवा ओसरत नाही, तो नुसता खांदा बदलतो. आजारी माणसाकडे गेल्यावर त्याचं ऐकायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून मीच माझं रडगाणं सुरू केलं. त्यात पायलची गोष्ट निघाली.

पायल माझ्या नववीच्या वर्गातली. तिनं 'माझी आई' या विषयावर निबंध लिहिला. इतका चांगला लिहिला की मी तो भर वर्गात उंच धरला आणि म्हणालो, हा मोबाइलवरून उतरवलेला आहे, हे तुझ्या डोक्यातून येणं शक्य नाही. मुलं हसली. हसवणं मला जमतंच. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली, तिच्याशी दहा मिनिटं बोललो, आणि निबंधातलं प्रत्येक वाक्य माझ्यापुढे खुर्चीवर बसलेलं दिसलं. मी त्या बाईंना चहा पाजला. पायलला मात्र काहीच बोललो नाही. तेव्हापासून ती माझ्या तासाला वहीच उघडत नाही. मी शिकवतो, ती खिडकीबाहेर बघते. बोलणार होतो, पण मास्तरानं भर वर्गात माफी मागितली तर मान काय राहील?

"आता आहे का?" मावशीनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण जमलं नाही.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं मी तिची नक्कल करत होतो आणि नेमकी हीच मला ठाऊक नव्हती. बेबी नावाच्या मुलीला ती एकदा सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाली होती. मुलगी खरी निघाली. दुसऱ्या दिवशी मावशीनं दार वाजवलं, "आत येऊ का?" वर्ग म्हणाला, या. बेबी म्हणाली, नाई. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, उभी राह्यली. हेडमास्तर म्हणले, बाई, तुमाले कोणी शिक्षा केली का? म्हटलं, हो." ती थांबली, श्वास घेतला. "बाहेर उभं राह्यलं का आपला आवाज आपल्याले आयकू येते, बाप्पा. तवापर्यंत मी आयकलाच नोता." घेतलं का मग आत? "त्या दिवशी नाई," ती म्हणाली. आणि मी निघालो तेव्हा, "तू विचारून पाहजो."

तेरवीला जेवणं झाल्यावर सगळे माझ्याभोवती बसले. ती दारावाली सांग ना, म्हणाले. मी हात उचलला, पण टकटक करवेना. पाणी प्यायलो. सुधाकरनं तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. पुस्तकं तू बघ, मास्तर आहेस, म्हणाला. आम्ही दोघं तिथे गेलो आणि किल्ली हातात असताना माझ्या बोटांनी दार वाजवलं. चप्पल काढून सुधाकरही थांबला. आत एक सतरंजी होती, भिंतीकडे तोंड करून अंथरलेली. पुस्तकं तशीच आहेत, मी अजून हात लावलेला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी नववीच्या दाराशी मी थांबलो. वाजवलं. मुलं आधी हसली. मी म्हणालो, "पायल, निबंध तुझाच होता. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं. आत येऊ का?" पायलनं माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी, आणि पुन्हा खिडकीकडे. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. मी उभा राहिलो. गुडघे दुखायला लागले. दाराशेजारी 'मोठ्यांचा आदर करा' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझंच, मीच रंगवलं होतं. ते पस्तीस मिनिटं वाचत होतो. आत कुजबुज झाली, मग थांबली. मग कोणीतरी धडा मोठ्यानं वाचायला लागलं, माझ्यासारखे हेल काढून. बाहेरून फार कंटाळवाणे वाटतात ते.

घंटा झाली. गणिताच्या मॅडम आल्या आणि मला पाहून थबकल्या. "आत साहेब आलेत का तपासणीले?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, नाही, पोरं आहेत. त्यांना ते पटलं नसावं. त्यांनी पदर सारखा केला, हात पुढे केला आणि दारावर दोनदा टकटक केली.

"या मॅडम," आतून आवाज आला. पायलचा होता. मी वळलोच होतो, तेवढ्यात पुन्हा तोच आवाज आला.

"सर, तुमी उद्या येजा."