वरील विषयास अनुसरून

मी निघाले त्या दुपारी आमची गाडी भिवंडीतच, धामणकर नाक्यावर अर्धा तास अडकली होती. पुढे कापडाच्या गाठी लादलेला टेम्पो, मागे शेअर रिक्षांची रांग. आई काचेबाहेर बघत डोळे पुसत होती. बाबांनी खिशातून माझ्या जर्मनीतल्या पत्त्याचा कागद काढला आणि पुन्हा एकदा वाचून पाहिला. त्याची कच्ची प्रत घरी होती, पक्की माझ्या बॅगेत आणि ही त्यांच्या खिशात. बाबा एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं ऑफिस काही निवृत्त झालं नाही. किराण्याची यादीसुद्धा आधी कच्ची, मग पक्की. विमानतळावर ते एवढंच म्हणाले, "पोचल्यावर कळव. आणि आमची काळजी करू नकोस."

आमच्या गल्लीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट थांबला की वीज गेली असं समजायचं. जर्मनीतल्या शांततेत पहिला आठवडाभर मला सारखं वाटायचं, वीज गेली आहे. मग सवय झाली. लॅब, सेमिनार, डेडलाइन, ब्रेडवर चीज. रविवारी घरी व्हिडिओ कॉल. "कसे आहात?" "ठीक." बाबांच्या या एका शब्दावर मी पुढचा आठवडा निवांत काढायची. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांना हा हिशेब ठाऊक असेल.

माझ्या संशोधनाचा विषय होता, आजारपणाबद्दल लोक इंटरनेटवर काय विचारतात आणि त्यांना नेमकं उत्तर कसं द्यायचं. त्यासाठी आम्ही मराठीत एक वेबसाइट केली. चौकटीत त्रास लिहायचा, माहिती समोर येते. चाचणीसाठी मी आपलाच भाग निवडला. दापोड्याच्या गोदामात काम करणाऱ्यांनी, कोन गावच्या बायकांनी प्रश्न लिहिले. "पोट दुखतंय, थांबत न्हाय." "चक्कर येते, ड्युटी पे खडा नहीं रहा जाता." हे सगळं आमच्या साइटला कळायचं, आणि मला त्याची घमेंड होती. बाबांनाही लिंक पाठवली होती. म्हटलं, बाबा, काहीही विचारा, उत्तर मिळतं.

लोकांचे प्रश्न नाव-गाव काढून माझ्यासमोर यायचे. एकदा हा आला: "प्रति, माननीय आरोग्य माहिती विभाग यांस. विषय : शारीरिक तक्रारीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की". पुढे काही नाही. चौकटीला अक्षरांची मर्यादा होती. ती मीच घातली होती, कारण लोक पाल्हाळ लावतात. त्यापुढचा मजकूर न सांगता गळून पडायचा. साइटने उत्तर दिलं होतं, "आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

पंधरा दिवसांनी तसंच दुसरं आलं, वर "स्मरणपत्र क्रमांक एक". आणखी पंधरा दिवसांनी "स्मरणपत्र क्रमांक दोन". मी ते सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवलं, भाषांतर करून सांगितलं. सगळे हसले. मीही हसले. वर मीच म्हणाले, माझे वडीलसुद्धा असंच लिहितात. एवढं म्हणूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याला काय म्हणावं?

त्याच सुमारास आई फोनवर म्हणाली होती, "हल्ली यांना भाकरी नको असते गं, पेजच मागतात." मी म्हटलं, वय झालं, आई.

पुढे आईचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. अन्ननलिकेचा कॅन्सर, बराच पसरलेला. मी पोचले तेव्हा बाबांना चमच्याने पाणी द्यावं लागत होतं. मला बघून ते हळू म्हणाले, "तुमच्या ऑफिसातून उत्तर नाही आलं. कामाचा बोजा असेल." मी विचारलं, "कसलं उत्तर, बाबा?" त्यांनी हात हलवला. "राहू दे."

ते गेले. तेराव्यानंतर कपाट आवरताना त्यांची वही मिळाली. त्यात त्या पत्राची कच्ची प्रत, पूर्ण. "...सादर करण्यात येते की, गेले दोन महिने घास गिळताना छातीत अडकतो. वजनही उतरले आहे. तरी योग्य सल्ला मिळावा, ही विनंती." खाली नोंद: "उत्तर : पुन्हा प्रयत्न करा. रीतीप्रमाणे पंधरा दिवसांनी स्मरणपत्र." आणि अगदी तळाशी, "प्रत माहितीसाठी : चि. सुमेधा, जर्मनी." त्यावर एक सरळ रेघ मारलेली. पट्टी लावून.

नुसतं "घास अडकतो" एवढं पोचलं असतं, तर लाल अक्षरांत आलं असतं, "डॉक्टरांना ताबडतोब दाखवा." ते पान मीच लिहिलं होतं. बाबा रीतीप्रमाणे पंधरा-पंधरा दिवस थांबत राहिले. आणि मी सेमिनारमध्ये हसले. हे मला धुऊन काढता येत नाही, आणि काढायचंही नाही.

चौकटीची मर्यादा मी काढून टाकली. लांबलचक पत्रं येतात, ती मी सहीच्या जागेपर्यंत वाचते. घर म्हणजे काय, असं मला इथे जर्मनीत कोणी विचारलं तर पूर्वी मी भिवंडीचं नाव सांगायचे. आता वाटतं, आपल्याला त्रास नको म्हणून जिथे आपल्याला खरं सांगत नाहीत, ते घर. तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना हात जोडून सांगते, पक्कं करत बसू नका. कच्चंच कळवा.

आईला मी आता रोज फोन करते. काय खाल्लंस, किती खाल्लंस, गिळताना दुखतं का, सगळं विचारते.

"ठीक आहे गं," ती म्हणते. "तू आमची काळजी करू नकोस."

अजून ती "आमची" म्हणते.